उणे चाळीस

गुलबारानं गाडी आणली तेव्हा मागून काळा धूर निघत होता,
पेट्रोलचा वास तिच्या शालीलाही लागला होता.
"ऑक्टोबरपासून फार पितेय," ती म्हणाली,
दिराबद्दल सांगावं तशी.
चार महिने अंगावर काढलं होतं दोघींनी.

शारशेनबेकमामानं बोनेट उघडलं, पण हात घातला नाही.
तापलेल्याचं झाकण काढायचं नसतं, म्हणाला.
नारीनमध्ये जानेवारीत
गार व्हायला तसाही वेळ लागत नाही.
तिघांनी मिठाचा चहा घेतला.

मग मी टॉर्च धरला
आणि घाईनं बोट दाखवलं : हाच ना?
"त्याला एकच वायर.
तो डॅशबोर्डवरच्या काट्याचा नोकर.
आपला दोन वायरींचा,
गाडीच्या मेंदूशी बोलणारा."
तो खाली होता, जाड नळीच्या मागं,
थर्मोस्टॅटच्या कुशीत तोंड लपवून.
टॉर्चला दिसत नव्हता. चाचपूनच शोधायचा.

मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं
दोलोन खिंडीत एका रात्री टायर बदलताना गेली.
आहेत जागेवर, पण त्यांना काही कळत नाही.
म्हणून माझा हात आत गेला.
थंड रबर, थंड लोखंड, मग सहा कडांचं पितळ.
"सापडला?"
"सापडला."
एकोणीस नंबरचा पाना, अर्धा वेढा,
आणि हिरवं पाणी मनगटावरून बाहीत.

मामीचं पातेलं न विचारता घेतलं.
"घासून देतो," मामा म्हणाला.
"घासूनसुद्धा परत चुलीवर चढणार नाही ते. विष आहे."
पातेलं तेव्हापासून गॅरेजचंच.

खिडकीतला बर्फ त्यात टाकला,
शेजारच्या चीजवालीकडून दुधाचा थर्मामीटर आणला,
सेन्सर तारेनं टांगला, तळाला टेकू न देता.
मीटरच्या दोन सुया दोन पायांना.
बर्फात सहा हजार ओहम.
"बरोबर," मामा म्हणाला. "थंडीत हा अडून बसतो,
ऊब लागली की सैलावतो."
विसाला अडीच हजार.
चाळिसाला बाराशेच्या आत.
मला वाटलं, भला आहे बिचारा, उगाच उपटला.
पन्नासला
मीटरवर डाव्या कडेला नुसता एक.
पातेल्याला टिचकी मारली. तरी एक.
आत कुठंतरी धागा तुटत होता, फक्त तापल्यावर.

"वायर गप्प झाली," मामा म्हणाला,
"की गाडीचा मेंदू समजतो : कडाक्याची थंडी.
उणे चाळीस.
मग ओतत राहतो पेट्रोल."

"म्हणजे तापलेली होती ती?" गुलबारानं विचारलं.
"पुरती."
"आणि इशारा काहीच नाही?"
मामानं तिला डॅशबोर्डवर वाकायला सांगितलं.
दिवा होता. पिवळा. चांगला पेटत होता.
त्यावर काळी टेप, नीट कात्रीनं कापलेली.
येकातेरिनबुर्गला कामाला जाण्याआधी
तिच्या नवऱ्यानं लावलेली.
"तो म्हणाला होता गाडी ठीक आहे," ती म्हणाली,
मग पुढं काही बोलली नाही.
आम्हीही नाही.

भंगारातल्या एका गाडीचा सेन्सर मिळाला.
त्यालाही आधी पातेल्यात बसवलं,
कुणाच्या शब्दावर नाही.
ऐंशीला तीनशे वीस. पुन्हा एकदा. तीनशे अठरा.
तांब्याचं नवं वायसर, हलक्या हातानं आवळणं,
हिरवं पाणी, हवा निघून जाईपर्यंत बुडबुडे.
धूर पांढरा झाला, मग दिसेनासा.
तिनं पैसे मोजले, टेप नखानं सोलली,
गोळी करून खिशात ठेवली. टाकली नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर
मामानं पातेल्यात ती दोन बोटं बुडवली
आणि माझ्याकडं न बघता विचारलं,
"अजून गरम आहे का रे?"
मी थर्मामीटर वर धरला.
"एक्केचाळीस," म्हणालो.
त्यानं मान हलवली,
आणि बोटं तिथंच राहू दिली.